झेरॉक्सवाल्याचा सल्ला

जून-जुलैत आमच्या अहेरीत दोन ठिकाणी हमखास गर्दी असते. एक धानाच्या बियाण्याच्या दुकानात आणि दुसरी झेरॉक्सच्या दुकानात. बियाणं घेणारा माणूस निदान चार प्रश्न विचारतो. वाण कोणतं, किती दिवसांचं, पाणी किती लागेल, गेल्या वर्षी कुणी लावलं होतं. झेरॉक्सच्या दुकानातली पोरं काहीच विचारत नाहीत. तिथे पुढच्या तीन-चार वर्षांची पेरणी होते आणि ती पाच-सात मिनिटांत उरकते.

परवा कुठल्याशा कागदाची प्रत काढायला मी तिथे उभा होतो. बाहेर पाऊस. भामरागडकडचा एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आला होता. टी.सी., बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार. परलकोटेचं पाणी चढलं की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणून तो आदल्या दिवशीच निघून आलापल्लीला नातेवाइकांकडे मुक्कामी राहिला होता. एवढी आटापिटा करून आलेला मुलगा, आणि खुर्चीवर बसल्यावर जे संभाषण झालं ते असं:

"मेजर काय टाकू?"

मुलगा गप्प.

"अरे, मेन विषय कोणता?"

"तुम्हीच टाका जी दादा."

"इतिहास टाकतो. मगाशी त्या पोरानं पण इतिहासच घेतला. मायनर?"

"ते काय असते जी?"

"असते एक. मराठी टाकतो. आता ओपन इलेक्टिव्ह..."

पन्नास रुपये देऊन, पावती घडी करून मुलगा मोकळा झाला. एका आदिवासी मुलाच्या पदवीचा आराखडा पूर्ण झाला होता. आणि मी, ज्यानं याच भागातल्या एका कॉलेजात २८ वर्षं शिकवलं, हातात झेरॉक्स धरून बघत उभा होतो.

आता तुम्ही म्हणाल, हा दुकानदार भलताच बेजबाबदार. मला तसं अजिबात वाटत नाही. तो स्वतः बी.ए. झालेला पंचविशीतला मुलगा आहे. त्याच्याकडे रांग आहे, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, नेट मध्येच लटकतं. आणि मुख्य म्हणजे, अहेरीत या पोरांशी 'विषय कोणता?' हा प्रश्न समोरासमोर बसून बोलणारा तो एकटाच माणूस आहे. ज्यांना त्या कामाचा पगार मिळतो (किंवा मिळायचा, माझ्यासारख्यांना) ते कुठे होते? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी थोडे आकडे. कंटाळा आला तरी वाचा, कारण अठरा वर्षांच्या पोरानं हे सगळं आपोआप समजून घ्यावं अशी आपली अपेक्षा आहे.

नवं शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला लागू झालं. आता पदवी म्हणजे तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांची ऑनर्स हवी असेल तर १६० ते १७६. एका सत्राला साधारण २० ते २२. पण नुसती बेरीज जमून चालत नाही. हे श्रेयांक वेगवेगळ्या गटांत मिळवावे लागतात. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी जोडलेलं काम, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. या गटांना 'बास्केट' म्हणतात. म्हणजे टोपल्या. आमच्याकडे मोहफुलं वेचणाऱ्या बाईला विचारा, एक टोपली शिगोशीग भरली म्हणून दुसरी रिकामी ठेवून चालतं का? तिच्या कामात चालतं. पदवीच्या कामात चालत नाही. एका टोपलीत दोन श्रेयांक कमी पडले, तर बाकीच्या टोपल्या ओसंडून वाहिल्या तरी पदवी अडते.

एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, क्रेडिट म्हणजे कर्ज ना?" आम्ही सगळे हसलो होतो. आता वाटतं, ती आमच्यापेक्षा जास्त बरोबर होती. समजून न घेता डोक्यावर घेतलं की ते कर्जच होतं.

थांबा, गैरसमज नको. मी या धोरणाच्या विरोधात लिहीत नाहीये. निवड असणं चांगलंच. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही नागपूर विद्यापीठात होतो. बी.ए. म्हणजे इंग्रजी, मराठी आणि तीन विषय. थोरल्या भावाने घेतले तेच धाकट्याने घ्यायचे, कारण पुस्तकं घरात असायची. गुणपत्रिकेत नावाची चूक झाली तरी अडीचशेहून जास्त किलोमीटर जाऊन नागपूरला खेटे घालायचे. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आताही अहेरीहून गडचिरोली शंभराहून जास्त किलोमीटर आहे आणि सिरोंच्याच्या पोराला तर त्याच्या दुप्पट, पण तरी आपल्या जिल्ह्याचं विद्यापीठ. हे सगळं मान्य.

पण जुन्या पद्धतीत निवड कमी होती म्हणून चुकाही कमी व्हायच्या. जिथे रस्ता एकच, तिथे वाटाड्याची गरज नाही. आपण एका रस्त्याचे दहा फाटे केले, आणि एकाही फाट्यावर पाटी लावली नाही, माणूसही उभा केला नाही. मग म्हणतो, बघा, किती स्वातंत्र्य दिलं!

ऐच्छिक विषयांचा हा प्रयोग जगात काही आपण पहिल्यांदा करत नाही. चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि ४० वर्षं राहिले. ठरलेला अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडू द्यायचे, हे त्यांचं मोठं काम. पण निवड आली तशी तिकडे सल्ला देणारी माणसंही आली. अमेरिकेत आज 'अकॅडेमिक अ‍ॅडव्हायझर' हा स्वतंत्र पेशा आहे. विद्यार्थ्याच्या पदवीचा हिशोब ठेवणं, पुढच्या सत्रात काय घ्यायचं हे त्याच्याबरोबर बसून ठरवणं, कमी पडलं तर वेळेत सांगणं हे त्यांचं काम. आपण त्यांच्याकडून श्रेयांक घेतले, मेजर-मायनर घेतलं, ही सगळी नावंसुद्धा जशीच्या तशी उचलली. तेवढा माणूस मात्र तिकडेच ठेवला.

तुम्ही विचाराल, सल्ल्याने खरंच एवढा फरक पडतो का? न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ साली गरीब घरच्या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. नियम सोपे. मुलाने पूर्णवेळ शिकायचं. त्याला एक सल्लागार मिळणार, ज्याच्याकडे मोजकीच मुलं असतील आणि ज्याला ठरावीक दिवसांनी भेटावंच लागेल. पुस्तकांना मदत आणि शहरातल्या बस-रेल्वेचा पास फुकट. मग मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून कार्यक्रम तपासला. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पूर्ण करणारे नेहमीच्या गटात १०० पैकी २२ होते, या कार्यक्रमात ४०. जवळपास दुप्पट! त्या मुलांची बुद्धी वाढवली नव्हती, परीक्षा सोपी केली नव्हती. एक माणूस आणि बसचा पास. अहेरीच्या बसस्थानकावर उभं राहिलेलं कुणीही सांगेल की यातला दुसरा भाग किती महत्त्वाचा आहे. मी पहिल्या भागाबद्दल बोलतोय.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडे कागदावर सगळं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची, ओळखीची मार्गदर्शिका काढली. नॅकच्या २०१७च्या मूल्यांकन चौकटीत मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण किती, हा प्रश्नच होता. त्यामुळे कॉलेजांमधून 'मेंटॉर-मेंटी' रजिस्टरं आली. माझ्याकडेही होतं. त्यात २२ नावं होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. समिती येणार म्हणून आदल्या आठवड्यात एका दुपारी मी ते रजिस्टर भरलं. वेगवेगळ्या तारखा, दोन रंगांची पेनं. 'विद्यार्थ्याशी अभ्यासाविषयी चर्चा केली.' 'विद्यार्थिनीस मार्गदर्शन केले.' २२ पैकी निम्म्या पोरांचे चेहरेसुद्धा मला आठवत नव्हते. मी एकटाच असं करत होतो असं नाही, पण म्हणून ते कमी लाजिरवाणं होत नाही. समितीनं प्रमाण विचारलं होतं, ते आमचं उत्तम होतं. त्या २२ जणांशी मी काय बोललो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच.

याची किंमत कोण मोजतं, ते सांगतो.

पहिली गोष्ट एका मुलाची. मुलचेऱ्याकडच्या, साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांच्या बंगाली गावांपैकी एका गावचा. बी.ए. झाला. धावण्यात वारा. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. आणि आमच्या जिल्ह्यात याहून स्वाभाविक स्वप्न कोणतं? २०२३च्या भरतीची जाहिरात घेऊन तो माझ्याकडे आला. अट अशी, की बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी निदान एक विषय हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी चालते, पण हा त्यात बसत नाही. याच्या बारावीत चारांपैकी एकही विषय नव्हता. सोपे वाटतात म्हणून दुसरे घेतले होते, मित्रानेही तेच घेतले होते. जन्मापासून जंगलात राहिलेला मुलगा, भूगोल न घेतल्यामुळे जंगलाच्या नोकरीला अपात्र. सोळाव्या वर्षी एका माणसाने एक वाक्य सांगितलं असतं तर? 'बाबा रे, तुला वनखात्यात जायचंय ना, मग भूगोल सोडू नकोस.' एवढंच. दहा सेकंदांचं काम.

दुसरी गोष्ट एका मुलीची. एटापल्ली तालुक्यातली, घरी माडिया बोलणारी. २०२४-२५ला ती पहिल्या वर्षाला होती, नव्या पद्धतीच्या पहिल्याच तुकडीत. दोन्ही सत्रं पास झाली. मे महिन्यात वडील आजारी पडले, तेंदूपानाचा हंगाम तोंडावर, घरात काम करणारं दुसरं कुणी नाही. ती घरी राहिली. पुढच्या वर्षी आलीच नाही. हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी भेटली. म्हणाली, "सर, एक वर्ष झालं की सर्टिफिकेट मिळते म्हणे?"

मिळतं. नव्या धोरणाची हीच तर जाहिरात आहे. कधीही बाहेर पडा, हात रिकामे राहणार नाहीत. पण ते आपोआप मिळत नाही. ४० ते ४४ श्रेयांक तर हवेतच, शिवाय बाहेर पडण्याआधी चार श्रेयांकांचा एक जादा व्यवसाय-अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट, तिला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, मिळवलेले श्रेयांक श्रेयांक-पेढीत जमा राहतात आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते. तेही सांगितलं नव्हतं. मी हे सगळं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सर, मी नापास नाही का?"

सहा-सात महिने ती मुलगी स्वतःला नापास समजत होती. पास झालेली मुलगी!

हे वाक्य ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नाही, असं लिहिलं तर नाटकी वाटेल. लागते झोप. पण हा लेख त्या वाक्यामुळे लिहिला जातोय.

अशा गाठी आणखी कितीतरी आहेत. ऑनर्समध्ये संशोधनाचा पर्याय घ्यायचा तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पहिल्या सत्रापासूनचे गुण त्यात धरले जातात, हे पहिल्या सत्रातल्या पोराला कोण सांगतं? तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं. म्हणजे तीन की चार, हा हिशोब घरातल्या परिस्थितीकडे बघून आधीच मांडायला हवा. बी.एड.ला जायचं असेल तर पदवीला शाळेत शिकवला जाणारा विषय असलेला बरा. स्पर्धा परीक्षांना बहुतेक ठिकाणी कोणतीही पदवी चालते, पण राज्याच्या वनसेवेला तशी चालत नाही. आणि एक पदवी झाल्यावर 'चुकीची होती' म्हणून त्याच पातळीची दुसरी घ्यायला गेलात, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. श्रीमंताच्या मुलाची चूक एका वर्षाची असते. या पोरांची चूक कायमची असते.

यावर मला नेहमी काही उत्तरं मिळतात. एकेक घेतो.

"सगळी माहिती पोर्टलवर आहे." असेल. परिपत्रकं आहेत, पीडीएफ आहेत, शे-शे पानांच्या. ती वाचून मलाच तीन दिवस लागले आणि मी आयुष्यभर विद्यापीठाची परिपत्रकं वाचण्याचाच पगार घेतला. माडिया किंवा तेलुगू घरात वाढलेल्या, मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असलेल्या मुलाने ती मोबाइलच्या पडद्यावर, नेटवर्क येईल त्या टेकडीवर उभं राहून वाचायची? माहिती उपलब्ध असणं आणि माहिती पोचणं यात मोठं अंतर आहे. पुण्यातल्या मुलासाठी ते अंतर त्याची आई, मामा, शेजारचा इंजिनिअर दादा भरून काढतात. त्याला सल्लागाराची गरज नसते, कारण त्याचं घरच सल्लागार असतं. ज्या घरात पदवी कधी आलीच नाही त्या घराला माणूस लागतो.

"अठरा वर्षांचे झालेत, मतदान करतात, त्यांचं त्यांना कळायला हवं." मतदानाला आपण निवडणूक अधिकारी पायी-पायी गावापर्यंत पाठवतो. आमच्या जिल्ह्यात तर हेलिकॉप्टरने पाठवतो. तिथे असं म्हणत नाही, की पोर्टलवर यादी आहे, बघून घ्या.

"आमच्या वेळी कोण होतं सांगायला?" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि माझ्याच पिढीकडून. बरोबर, कुणी नव्हतं. आणि आमच्या वर्गातले जे गळाले ते आज हे वाक्य बोलायला इथे नाहीत. वाचलेली माणसंच नेहमी सांगतात की पोहायला शिकवायची गरज नाही.

"प्राध्यापकच कमी आहेत." हे मात्र खरं आहे, आणि इथे माझी बोलती बंद होते. निदान अर्धी. जागा रिकाम्या आहेत, बरंच काम तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर चाललंय. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. पोराबरोबर अर्धा तास बसून त्याच्या टोपल्या मोजल्या, तर त्या अर्ध्या तासाचे शून्य रुपये. शिवाय पुढच्या वर्षी तो शिक्षक तिथे असेलच याची खात्री नाही. ज्याला स्वतःच्याच पुढच्या वर्षाचा पत्ता नाही, त्याने दुसऱ्याच्या तीन वर्षांचा आराखडा करायचा! दोष त्याचा नाही. पण म्हणून काम होतंय असंही नाही.

आणि शेवटचं, हळू आवाजात दिलं जाणारं उत्तर: "कशाला एवढं? यांना शेवटी सुरजागडच्या गाड्यांवरच जायचंय." लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस आमच्या रस्त्यावरून जातात. काही पोरं तिथे कामाला लागली, मिळवती झाली, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कोण कुठे जाणार हे आपण आधीच ठरवून टाकलं असेल, तर मग ही टोपल्यांची, निवडीची, स्वातंत्र्याची भाषा तरी बंद करा. दोन्ही एकदम नका बोलू.

निवडीचं ढोंग म्हणतो ते यालाच. नियम सांगतो की ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यावं. फार सुंदर कल्पना. इतिहासवाल्याने थोडं विज्ञान शिकावं. पण ज्या कॉलेजात एकच शाखा आहे तिथे बाहेरचं म्हणजे काय? जो शिक्षक हजर आहे त्याला जो विषय रेटून नेता येईल तो. यादीत आठ नावं आणि वर्गात एक. भरल्या ताटाचं चित्र दाखवून हातात भाकरी द्यायची. भाकरीला माझी ना नाही, पण मग चित्र तरी दाखवू नका.

नुसती तक्रार करून थांबणं मला आवडत नाही, म्हणून काय करता येईल तेही लिहितो. यासाठी नवी इमारत लागत नाही.

एक. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाशी अर्धा तास बोलणं. त्याच्या भाषेत. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची माडिया, गोंडी, तेलुगू बोलणारी हुशार मुलं आहेत. त्यांना शिक्षकाशेजारी बसवा, त्याचं मानधन द्या. 'तुला काय व्हायचंय' हा पहिला प्रश्न, 'मेजर काय' हा शेवटचा.

दोन. प्रत्येकाच्या हातात पदवीचा एक पानाचा नकाशा. सहा रकाने, सहा सत्रं. कोणत्या टोपलीत किती हवे, किती झाले. बाहेर पडायचं असेल तर काय करायचं आणि परत यायची मुदत कोणती, हे खाली ठळक अक्षरात. एक प्रत कॉलेजात, एक घरी.

तीन. पुढच्या तीन वर्षांत कॉलेज खरोखर कोणते विषय शिकवू शकणार आहे, तेवढेच फलकावर लावा. आठ नाहीत ना, मग दोन लिहा. पोराला दोनातून नीट निवडू द्या.

चार. प्रत्येक सत्राच्या शेवटी दहा मिनिटांचा हिशोब. कमी पडलेले दोन श्रेयांक दुसऱ्या सत्रात कळले तर भरता येतात, सहाव्या सत्रात कळले तर वर्ष जातं.

पाच. आणि हे सगळं करणाऱ्याचा वेळ कामाच्या तासांत धरा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने केलं तर त्याला त्या तासाचे पैसे द्या. हे होत नाही तोवर वरची चार कलमं म्हणजे माझं ते दोन रंगांच्या पेनांचं रजिस्टर.

परवाच्या त्या मुलाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तो दुकानातून बाहेर पडला तेव्हा मी त्याला थांबवलं. चहा घेतला. विचारलं, काय व्हायचंय? बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, गावात मोजणीवाले आले होते, वनहक्काचे दावे लिहायला, नकाशे काढायला, तसलं काम. म्हणजे भूगोल! बारावीत त्याला सगळ्यात जास्त गुण भूगोलातच होते. गुणपत्रिका पिशवीत होती, दुकानात कुणी उघडून बघितली नव्हती.

आम्ही परत आत गेलो. दुकानदाराने कुरकुर न करता अर्ज पुन्हा उघडला, बदल केला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. उलट मला म्हणाला, "सर, तुम्ही संध्याकाळी इथे बसत जा ना. मला तरी काय माहीत असते?"

तेव्हापासून जातोय. प्लास्टिकची खुर्ची आहे, चहा तोच पाजतो. गेल्या काही दिवसांत पंधरा-वीस पोरं झाली असतील. त्यातल्या तिघांना काय व्हायचंय ते मला अजून कळलेलं नाही, त्यांनाही नाही. पण एक निवृत्त मास्तर झेरॉक्सच्या दुकानात बसतो, ही काही व्यवस्था नव्हे. पावसात माझा गुडघा दुखतो, मी दोन दिवस जात नाही. त्या दोन दिवसांत भामरागडहून आलेला पोरगा पुन्हा 'तुम्हीच टाका जी दादा' म्हणत असणार.

असो. एटापल्लीच्या त्या मुलीची परत यायची मुदत २०२८ पर्यंत आहे. मी ती माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे. खरं तर ती कॉलेजच्या डायरीत असायला हवी होती.